शंभरात नऊ चाहुली

विट्याच्या पेठेत सुहास माळवदे या शिंप्याचं नाव होतं. त्याच्याकडे माप दिलेला माणूस सहसा दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. ब्लाऊज असो की नवरदेवाचा बंदगळा, तयार होऊन अंगावर चढला की बसायचाच. गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघायचं आणि सुहास खडू कानावर खोचून, आपलं काही नाही अशा चेहऱ्याने उभा राहायचा. मनातून मात्र फुलायचा. अशा या माणसाला स्वतःच्या मुलीचं माप शाळेच्या पडद्यावर बघायची वेळ आली, आणि ते निघालं नऊ.

"शंभरात नऊ चाहुली," मोमीन मॅडम म्हणाल्या. सातवीला गणित शिकवून त्यांची वीस वर्षं झाली होती. वाईट बातमी पालकांना कशी द्यायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "बीजगणिताच्या वर्गासाठी तीस लागतात, सुहासभाऊ. कृत्तिकाला आठवीत व्यवहार गणित घ्यावं लागेल असं दिसतंय."

"घेऊ दे की मग," सुहास म्हणाला. "शिंप्याच्या पोरीला नऊ म्हणजे वाईट न्हाई."

शेजारी बसलेल्या कृत्तिकाने बापाकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, पूल बांधायचे होते, आणि बीजगणिताशिवाय त्या वाटेला जाता येत नाही हे बारा वर्षांच्या पोरीला पक्कं माहीत होतं.

चाहूल पट्टी येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कपाळाला बांधायची कापडी पट्टी, आत तांदळाएवढे संवेदक आणि उजव्या कानाजवळ एक हिरवा दिवा. तिच्यामागचं विज्ञान फार अवघड नव्हतं. एखादं उत्तर आपल्याला अचानक सुचतं, तेव्हा मेंदूच्या उजव्या भागात, कानाच्या जरा वर, एक जलद लहर उमटते. एवढं पूर्वीच माहीत होतं. नवा शोध लागला तो त्या लहरीच्या आधी काय होतं याचा. आधी अर्धा-एक मिनिट डोक्याच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं पोहोचतं तिथे, एक बारीकशी शांतता पसरते. मेंदू बाहेर बघणं कमी करतो आणि आत बघायला लागतो. ज्याचा मेंदू त्याला याचा पत्ताही नसतो, पण पट्टीला असतो. उत्तर सुचणार हे तिला मुलाच्या आधी कळतं आणि ती दिवा लावते.

इथपर्यंत सगळं गोडच होतं. पण ज्याला सुचणार आहे तो ओळखता आला, की ज्याला सुचणार नाही तोही ओळखता येतो. दोन मिनिटांत ती शांतता दिसली नाही, तर पट्टी मुलाच्या हातातल्या डिजिटल पाटीवरचा प्रश्न पुसायची आणि त्याहून सोपा टाकायची. पोरांचा वेळ वाया जात नव्हता. गणिताच्या तासाला रडणारी पोरं रडायची थांबली, नापास होणारी पास व्हायला लागली. त्यामुळे पट्टीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. शंभर प्रश्नांमागे किती वेळा दिवा लागला, ती मुलाची चाहूल. पेठेतल्या एका महाभागाने तर पोराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोखाली 'शंभरात बेचाळीस' असं छापून घेतलं होतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला, सुहासची बायको पल्लवी हिच्या पिको-फॉलच्या मशीनशेजारी एका स्टुलावर कृत्तिका रोज संध्याकाळी सरावाला बसायची. पालकसभेच्या दुसऱ्या दिवशीही बसली. सुहास एका कोटाच्या बाह्या जोडत होता.

"गेला!" कृत्तिका एकदम ओरडली. "मी करत होते ना!"

"काय गेलं?"

"प्रश्न. मी निम्म्यात आले होते आणि पट्टीने पुसला."

"दिवा लागला होता का?"

"नाही."

"मग सोड. दुसरं घे. नशिबात नसलेल्याच्या मागं लागू नये." सुहासने सुईत दोरा ओवला. त्याला वाटलं, आपण पोरीची समजूत घातली. पल्लवीने मशीन थांबवून नवऱ्याकडे बघितलं. कृत्तिकाने पुढचा सोपा प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवला. तिच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद औषधालाही नव्हता.

आठवड्याने भाळवणीचं एक गिऱ्हाईक आलं. लग्नाचा कोट, आणि माप मागच्या वर्षीचंच. सुहासने जुनी मापवही काढली. हवं ते पान सापडेना म्हणून शेवटाकडून उलटायला घेतली, आणि मागच्या कोऱ्या पानांवर त्याला पोरीचं अक्षर दिसलं.

वर एक गणित उतरवलं होतं. मैदानावर मुलं रांगांत उभी आहेत. एका रांगेत अकरा उभी केली तर सात मुलं उरतात. तेवढ्याच रांगा ठेवून एका रांगेत तेरा उभी केली तर पाच जागा रिकाम्या राहतात. तर मुलं किती? खाली लिहिलं होतं:

१० रांगा. ११७ आणि १२५. ८ ने सैल.
९ रांगा. १०६ आणि ११२. ६ ने सैल.
एक रांग काढली की २ ने आवळतं. म्हणजे दहातून ४ काढायच्या.
६ रांगा. ७३ आणि ७३. बसलं.

सुहासने ते तीनदा वाचलं. गणित त्याला सातवीत सुटलं होतं ते सुटलंच होतं. पण हे त्याला कळलं, अगदी आतून कळलं, कारण त्याचा सगळा धंदाच यावर चालला होता. कोट कधी पहिल्या झटक्यात शिवत नाहीत. कापड कच्च्या टाक्यांनी जोडायचं आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं. ते चुकलेलं असणारच, हे धरूनच चढवायचं. मग बघायचं, किती चुकलंय आणि कुठल्या बाजूला. खांद्यात सैल की पाठीत तंग. एकदा चूक मापता आली की कोट झालाच म्हणून समजा. हे त्याने पोरीला कधी शिकवलं नव्हतं. ती चार वर्षांची असल्यापासून त्या स्टुलावर बसून बघत आली होती, एवढंच.

गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. "माळवदे, माप सापडंना का?"

"सापडलं," सुहास म्हणाला. पण त्याचं बोट पोरीच्या पानावरच होतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने सगळी पानं मोजली. पट्टीने पुसलेली एकतीस गणितं पोरीने आठवून उतरवली होती. सत्तावीस बसली होती. उरलेल्या चारांपुढे लिहिलं होतं, 'अजून नाही'.

"हे कधी केलंस गं?"

"पट्टी काढल्यावर. एकेकाला दोन-दोन दिवस लागले."

"मला का न्हाई सांगितलंस?"

कृत्तिका पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता ना पप्पा, सोड म्हणून."

सुहासला ताटातलं काही गोड लागलं नाही. मशीनने पोरीला गणितावरून उठवलं ते एक वेळ ठीक, ते मशीन होतं. पण आपण बाप असून मशीनच्या बाजूने बोललो, हे त्याला जिव्हारी लागलं. आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्या सगळ्या दुःखाखाली एक अभिमान बेटा गुदगुल्या करतच होता. सत्तावीस!

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन शाळेत गेला. मोमीन मॅडमनी चष्मा लावला, पाच-सहा पानं वाचली आणि चष्मा काढला.

"ही जुनी रीत आहे, सुहासभाऊ. फार जुनी. आपल्याकडचे गणिती असंच करायचे. आधी मनाने एक संख्या धरायची, किती चुकलं ते बघायचं आणि चुकीवरून खऱ्या संख्येपर्यंत यायचं. हिला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. आमच्यात कोट असाच शिवत्यात."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "पट्टीला हे दिसत नाही. ती फक्त एकदम सुचलेलं पकडते. ही पोर सुचायची वाटच बघत नाही, चुकत चुकत पोचते. दोन मिनिटांत चाहूल दिसत नाही, म्हणून पट्टी तिला आणखी खाली ढकलते. आणि ही वही मी वर दाखवून उपयोग नाही. घरी कुणी सोडवून दिलं म्हणतील."

"मग काहीच होत न्हाई का?"

मॅडमनी कपाटातून एक छापील कागद काढला. नियमावलीच्या शेवटच्या पानावर तो अर्ज पहिल्यापासून होता: 'माझ्या पाल्याचा प्रश्न बदलू नये.' त्यांच्या माहितीत तो आजवर कुणी भरला नव्हता. भरला, तर वार्षिक चाचणीत त्या मुलाची चाहूल धरली जायची नाही. दहा प्रश्न, दोन तास, सहा बरोबर आले तर बीजगणित. पालकाने समोर हजर राहायचं.

"आणि न्हाई आले तर?"

"इतर मुलांना नववीत पुन्हा एक संधी मिळते. अर्ज केलेल्याला ती नाही. कायमचं व्यवहार गणित." मॅडमनी कागद पुढे सरकवला. "मी सही करा म्हणणार नाही. करू नका असंही म्हणणार नाही."

घरी पल्लवीने ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं नाही. नववीत संधी आहे ना? तोवर नवाच्या तीस होतील."

"न्हाई होणार," सुहास म्हणाला. "नवाच्या आठ होतील. ती तशी न्हाईच, पल्लवी. तिला एकदम सुचत न्हाई. तिला जमतं."

"आणि सहा नाही आले तर पोरगी जन्मभर तुम्हाला बोल लावेल."

सुहासने कागद कृत्तिकापुढे ठेवला. "तू सांग. तू म्हणशील तर सही."

कृत्तिकाने बारीक अक्षरातल्या अटी दोनदा वाचल्या. मग विचारलं, "म्हणजे दोन तास प्रश्न जाणार नाही? मी कितीही चुकले तरी?"

"न्हाई जाणार."

"मग करा सही."

पल्लवीने दोघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि स्वतःच पेन आणून दिलं.

चाचणी शनिवारी सकाळी होती. अशा अर्जाची पहिलीच वेळ म्हणून पुण्याहून डॉ. यामिनी वैराळे आल्या होत्या. चाहूल पट्टी ज्या गटाने घडवली, त्यातल्या त्या एक. बाई साध्या होत्या. त्यांनी कृत्तिकाला स्वतः पट्टी बांधली आणि सांगितलं, "ही फक्त नोंदीसाठी. तुझा प्रश्न बदलणार नाही." सुहास मागच्या बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर दोन पडदे होते. एकावर कृत्तिकाच्या पाटीवरचं जसंच्या तसं दिसत होतं, दुसऱ्यावर पट्टीने काढलेली मेंदूच्या लहरींची रेघ आणि रेघेखाली एक शब्द.

पहिल्या ऐंशी मिनिटांत पाच गणितं झाली. दिवा एकदाच लागला. सुहासला बाकीचं काही समजत नव्हतं, पण 'सैल' आणि 'तंग' हे शब्द पाटीवर उमटले की तो जरा नीट बसायचा.

मग कृत्तिकाने उरलेले पाचही प्रश्न वाचले आणि त्यातला एक निवडला. सारख्याच लांबीच्या दोन मेणबत्त्या. बारीक चार तासांत संपते, जाड सहा तासांत. दोन्ही एकदम पेटवल्या, तर किती वेळाने उरलेली जाड मेणबत्ती उरलेल्या बारीक मेणबत्तीच्या तिप्पट लांब असेल?

लांबी दिलेलीच नव्हती. कृत्तिकाने मनानेच दहा धरली, अपूर्णांकांचा गुंता झाला, सगळं पुसलं. दोन मिनिटं झाली. रेघ सरळ होती. पट्टीने बारीक आवाज केला आणि खाली शब्द आला, 'निष्क्रिय'.

सुहासला तो शब्द गालावर बसल्यासारखा वाटला. पोरगी मान खाली घालून लिहितेय, खोडतेय, ओठ चावतेय, आणि वर भिंतीवर निष्क्रिय! त्याने वैराळे बाईंकडे बघितलं. त्या पडद्याकडे न बघता पोरीच्या हाताकडे बघत होत्या.

मग कृत्तिकाने बारा धरली. बाराला चाराने भाग जातो आणि सहानेही. बारीक तासाला तीन जळते, जाड तासाला दोन. तिने लिहिलं:

३ तास. बारीक ३, जाड ६. तिप्पट म्हणजे ९ पाहिजे. ३ ने तंग.
४ तास. बारीक ०, जाड ४. तिप्पट म्हणजे ० पाहिजे. ४ ने सैल.

आणि थांबली. उत्तर तीन आणि चार यांच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि मध्ये पूर्ण संख्या नव्हती. पट्टीच्या सोप्या सोप्या प्रश्नांवर वाढलेल्या पोरांना उत्तर पूर्ण संख्येत आलं नाही की आपलंच चुकलं असं वाटायचं. कृत्तिकाने पेन खाली ठेवलं. दर दोन मिनिटांनी तो बारीक आवाज व्हायचा आणि शब्द नव्याने उमटायचा. पाच वेळा झाला. घड्याळात दहा मिनिटं उरली.

'सोड, दुसरं घे' हे शब्द सुहासच्या जिभेपर्यंत आले. अजून चार प्रश्न होते, त्यातला एखादा सोपा असेल. पोरीने मान वळवून बापाकडे बघितलं असतं तर कदाचित ते त्याच्या तोंडून निघूनही गेले असते. तिने बघितलं नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि दात आवळून गप्प बसला. आयुष्यात त्याने बरेच अवघड कोट शिवले होते, पण गप्प बसण्याएवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

कृत्तिकाने पेन उचललं. सावकाश, एकेक अक्षर घोटत लिहिलं:

३ ने तंग पासून ४ ने सैल. एका तासात ७ चा फरक. मला त्यातले ३ पाहिजेत.
३ पूर्णांक ३/७ तास.

मग ताळा घेतला. बारीक उरली बारा सप्तमांश, जाड छत्तीस सप्तमांश. बारा त्रिक छत्तीस. खाली लिहिलं, 'बसलं', आणि पाटी पुढे सरकवली. तीन मिनिटं शिल्लक होती. भिंतीवर अजून 'निष्क्रिय' होतं.

सुहास उभा राहिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, नियमात बसतं की नाही, काही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो नुसताच उभा राहिला, ताठ, नवा कोट घातल्यासारखा. मोमीन मॅडम दाराशी पदराने डोळे टिपत होत्या आणि वर 'धूळ फार झालीय' म्हणून शिपायाला रागावत होत्या.

वैराळे बाईंनी सहाही उत्तरं तपासली आणि कागदावर सही केली. आठवीला बीजगणित. मग त्या कृत्तिकाच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"सदतीस मिनिटं पट्टीला तुझ्या डोक्यात काहीच दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही एकाच तऱ्हेचा विचार बघायला शिकलो आणि बाकीच्याला रिकामं म्हणून बसलो. चूक आमची आहे. मी हे परत जाऊन सगळ्यांना सांगणार आहे. पण मला एक सांग, उत्तर येईल हे तुला कधी कळलं?"

"नव्हतं कळलं. आल्यावरच कळलं."

"मग इतका वेळ बसून कशी राहिलीस?"

कृत्तिकाने कपाळावरची पट्टी सोडून त्यांच्या हातात दिली. "कुणी उठवलं नाही ना," ती म्हणाली.

बाईंनी पट्टीची घडी केली आणि पिशवीत टाकली.

शाळेतून पेठेपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. त्या दिवशी माळवदे बापलेकीला पाऊण तास लागला, कारण सुहास भेटेल त्याला थांबवत होता. कापडवाल्याला, फुलवालीला, मशीन दुरुस्त करणाऱ्या बशीरचाचांना, आणि ज्याच्या पोराचा फ्लेक्स लागला होता त्यालासुद्धा. सगळ्यांना एकच सांगायचा, "तीन पूर्णांक तीन सप्तमांश!" कृत्तिका लाजून चूर झाली होती आणि त्याची बाही ओढत होती.

चौकातल्या चहावाल्याने किटली खाली ठेवली. "कशाचं ओ हे, माळवदे?"

सुहासने बाकड्यावर आधी पोरीला बसवलं, मग स्वतः ऐसपैस बसला.

"बसा," तो चहावाल्याला म्हणाला. "सांगतो. जरा वेळ लागंल."